विजेवरील छोटी मालवाहू गाडी : कागदावरचा पल्ला आणि रस्त्यावरचा हिशेब

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा हे भिलाईच्या उत्तरेला वीस-पंचवीस किलोमीटरवर वसलेले छोटे शहर आहे. शेजारी नंदिनी येथे भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणारी खाण आहे, जवळच मलपुरी खुर्द येथे सिमेंटचा मोठा कारखाना आहे आणि भिलाईच्या वाटेवर जामुल येथे दुसरा सिमेंट कारखाना आहे. कारखान्यांचा माल अवजड ट्रकमधून आणि रेल्वेने जातो. मात्र किराणा, भाजीपाला, बांधकामाचे सुटे साहित्य, दुधाचे कॅन, गॅसच्या शेगड्या आणि घरपोच पार्सले यांची ने-आण छोट्या मालवाहू गाड्याच करतात. अशी एक गाडी म्हणजे बहुधा एका कुटुंबाचा संपूर्ण व्यवसाय असतो. मालक हाच चालक असतो आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कर्जाचा हप्ता भरावाच लागतो.

अशा मालकापुढे आता विजेवरील गाडीचा पर्याय आहे. ही गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा महाग असली, तरी चालविण्याचा खर्च फार कमी असल्याचे विक्रेते सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा मेळ मात्र प्रत्येकाच्या बाबतीत बसेलच असे नाही. गाडी दिवसाला किती किलोमीटर धावते आणि ती कोठे चार्ज होते, या दोनच प्रश्नांच्या उत्तरांवर हा व्यवहार फायद्याचा की तोट्याचा हे ठरते.

बाजारात काय उपलब्ध आहे

टाटा मोटर्सने मे २००५ मध्ये ‘एस’ ही छोटी चारचाकी मालवाहू गाडी आणली आणि देशभर ती ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचीच विजेवरील आवृत्ती मे २०२२ मध्ये जाहीर झाली. त्या गाडीत २१.३ युनिट वीज साठविणारी बॅटरी होती, भारक्षमता ६०० किलो होती आणि एका चार्जिंगमध्ये १५४ किलोमीटर हा प्रमाणित पल्ला होता. किंमत ९.९९ लाख रुपये होती. इतकी किंमत एकट्या मालकाच्या आवाक्याबाहेरची असल्याने सुरुवातीचे ग्राहक ऑनलाइन विक्री आणि कुरिअर क्षेत्रातील मोठ्या कंपन्या हेच राहिले.

त्यानंतर चित्र बदलले. महिंद्राची ‘झिओ’ ही चारचाकी ऑक्टोबर २०२४ मध्ये साडेसात लाखांच्या आसपासच्या आरंभिक किमतीत आली. जून २०२५ मध्ये टाटांनी ‘एस प्रो’ आणली. तिच्या विजेवरील आवृत्तीत १४.४ युनिटची बॅटरी, ७५० किलो भारक्षमता आणि १५५ किलोमीटरचा प्रमाणित पल्ला आहे. बाजारात आली तेव्हा तिची किंमत ६.५० लाख रुपये, तर त्याच गाडीच्या पेट्रोल आवृत्तीची किंमत ३.९९ लाख रुपये होती. एकच गाडी पेट्रोल आणि वीज अशा दोन्ही रूपांत मिळत असल्याने खर्चाची तुलना करण्यासाठी हे उदाहरण सोयीचे आहे.

प्रमाणित पल्ला म्हणजे काय

जाहिरातीतील पल्ला खोटा नसतो. तो ठरावीक परिस्थितीत मोजलेला असतो. पुण्यातील ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ अर्थात ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेत गाडी रोलरवर उभी करून चालविली जाते. किती सेकंदांत किती वेग घ्यायचा, केव्हा थांबायचे याचे एक नमुनाचक्र आखलेले असते आणि बॅटरी संपेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा केले जाते. या पद्धतीमुळे दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करता येते, आणि तिचा उपयोग तेवढाच आहे. रोलरला चढ नसतो, खड्डे नसतात, समोरून वारा येत नाही आणि पावसाळ्यातला चिखलही नसतो.

हिशेब करून पाहिल्यास १४.४ युनिटमध्ये १५५ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला ०.०९३ युनिट वीज लागते. प्रत्यक्षात माल भरलेली गाडी शहर आणि गाव अशा मिश्र रस्त्यावर चालविताना हा आकडा ०.१३ युनिटच्या आसपास धरणे व्यवहार्य ठरते. त्यानुसार पूर्ण बॅटरीत सुमारे ११० किलोमीटर अंतर पार होते. त्यातही कोणताही शहाणा चालक बॅटरी शून्यावर नेत नाही. पेट्रोल संपले तर बाटलीतून आणता येते, परंतु बॅटरी संपलेली गाडी ओढूनच न्यावी लागते. म्हणून पाचवा हिस्सा राखीव ठेवला, तर रोज निर्धास्तपणे वापरता येईल असा पल्ला सुमारे ८८ किलोमीटर उरतो. जाहिरातीतील १५५ आणि व्यवसायातील ८८ या दोन आकड्यांमधील अंतर गाडी घेण्यापूर्वीच समजून घ्यायला हवे.

पल्ला कशामुळे घटतो

पहिले कारण वेग. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० किलोमीटर वेगाने गेल्यास हा रोध सव्वादोन पट होतो. मालवाहू गाडीचा मागील डबा पेटीसारखा चौकोनी असल्याने हवेशी तिची झुंज मोटारीपेक्षा अधिक असते. दुर्ग, भिलाई आणि रायपूरला जोडणारा राष्ट्रीय महामार्ग रुंद आहे, त्यावर वेग वाढविण्याचा मोह होतो आणि बॅटरी तेथेच झपाट्याने उतरते. वीज किलोमीटरला ०.१५ युनिट लागू लागली, तर निर्धास्त पल्ला ८८ वरून ७७ किलोमीटरवर येतो.

येथे पेट्रोलच्या गाडीचा अनुभव उलटा लागू पडतो. पेट्रोलची गाडी गर्दीत जास्त इंधन पिते आणि महामार्गावर चांगला ॲव्हरेज देते. विजेवरील गाडी गर्दीत कमी वीज घेते. ती थांबली की मोटार थांबते आणि वेग कमी करताना चाकांची गती मोटारीला जनित्राप्रमाणे फिरवून काही वीज बॅटरीत परत पाठविते. सुपेला किंवा पॉवर हाउसच्या बाजारातील थांबत-थांबत जाणारी फेरी तिला मानवते. सलग वेगाने केलेला प्रवास मात्र तिला महागात पडतो.

दुसरे कारण भार. चाकांचा रोध वजनाच्या प्रमाणात वाढतो आणि प्रत्येक वेळी थांबून पुन्हा वेग घेताना जास्त वजन जास्त वीज मागते. ५० किलोच्या सिमेंटच्या १५ पिशव्या म्हणजे ७५० किलो, आणि तेथे या गाडीची क्षमता संपते. छोट्या हत्तीत क्षमतेच्या दीडपट माल भरण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. पेट्रोल किंवा डिझेलच्या गाडीत त्याचा परिणाम इंधनाच्या बिलावर दिसतो. विजेवरील गाडीत मात्र त्यामुळे परतीचा रस्ताच कमी पडू शकतो.

तिसरे कारण तापमान. दुर्ग-भिलाई परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. आजच्या बहुतेक छोट्या मालवाहू गाड्यांत वापरली जाणारी लोह-फॉस्फेट प्रकारची लिथियम बॅटरी उष्णतेला तुलनेने सहनशील असली, तरी फार तापल्यावर नियंत्रण यंत्रणा चार्जिंगचा वेग कमी करते. सतत उष्णतेत राहिलेली बॅटरी लवकर थकतेही. दुपारच्या फेरीहून आल्याबरोबर गाडी उन्हातच चार्जिंगला लावण्यापेक्षा सावलीत तासभर निवू देऊन, रात्री चार्ज करणे हितकारक असते.

चौथे कारण वय. काही वर्षांनी बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर आली, तर ८८ किलोमीटरचा निर्धास्त पल्ला ७१ किलोमीटर होतो. पहिल्या वर्षी जेमतेम पुरणारी फेरी सहाव्या वर्षी पुरणार नाही. त्यामुळे मार्गाची निवड नव्या बॅटरीवर नव्हे, तर जुन्या बॅटरीवर बेतलेली असावी. हमीपत्रात केवळ वर्षे आणि किलोमीटर न पाहता, क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी बदलून मिळेल हे कलम वाचणे आवश्यक आहे.

एका किलोमीटरचा खर्च

भिंतीवरच्या सॉकेटमधून घेतलेली सगळी वीज चाकांपर्यंत पोहोचत नाही. चार्जर आणि बॅटरी तापण्यात दहा ते पंधरा टक्के वीज खर्ची पडते. त्यामुळे ०.१३ युनिट वापरण्यासाठी मीटरवर सुमारे ०.१५ युनिट नोंदले जाते. विजेचा दर युनिटला ८ रुपये धरल्यास किलोमीटरचा खर्च १ रुपया २० पैसे येतो.

पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि माल भरलेल्या गाडीचा ॲव्हरेज १७ किलोमीटर धरल्यास तोच खर्च ५ रुपये ९० पैसे होतो. म्हणजे इंधनात किलोमीटरमागे ४ रुपये ७० पैशांची बचत होते. विजेवरील गाडीला इंजिन ऑइल, त्याचा फिल्टर, स्पार्क प्लग आणि क्लच प्लेट यांचा खर्च नसतो. टायर, ब्रेक, पाटे आणि बेअरिंग यांचा खर्च मात्र राहतो. सुरुवातीलाच मिळणाऱ्या जोरदार ओढीमुळे टायर काहीसे लवकरही झिजतात. देखभालीतील निव्वळ बचत किलोमीटरला ५० पैसे धरली, तर एकूण बचत ५ रुपये २० पैसे होते.

हे आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाचा वीजदर, ॲव्हरेज आणि रस्ता वेगळा असेल. हिशेबाची रीत मात्र सर्वांना सारखीच लागू पडते.

हप्ता आणि किलोमीटर यांची गाठ

सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराच्या दरांत बदल झाला. मालवाहू वाहनांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तर विजेवरील वाहनांवर ऑगस्ट २०१९ पासून असलेला ५ टक्के दर कायम राहिला. परिणामी पेट्रोलच्या गाड्या स्वस्त झाल्या आणि विजेवरील गाड्यांशी असलेला किमतीतील फरक रुंदावला. कराची पूर्ण कपात ग्राहकापर्यंत पोहोचली असे मानल्यास ३.९९ लाखांची पेट्रोल गाडी सुमारे ३.६८ लाखांना पडते. विजेवरील गाडी ६.५० लाखांची धरली, तर फरक २.८२ लाख रुपयांचा होतो.

ही जादा रक्कम १२ टक्के व्याजाने चार वर्षांसाठी कर्जाऊ घेतली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,४२५ रुपयांनी वाढतो. किलोमीटरमागे ५ रुपये २० पैसे वाचत असतील, तर हा वाढीव हप्ता भरून निघण्यासाठी महिन्याला सुमारे १,४३० किलोमीटर चालावे लागते. महिन्याचे २५ कामाचे दिवस धरल्यास दिवसाला ५७ किलोमीटर.

दिवसाला ८० किलोमीटर चालणाऱ्या मालकाची महिन्याची बचत १०,४०० रुपये होते. वाढीव हप्ता देऊनही त्याच्या हाती सुमारे तीन हजार रुपये अधिक राहतात आणि कर्ज फिटल्यानंतर सगळी बचत त्याचीच असते. दिवसाला ४० किलोमीटर चालणाऱ्याची बचत ५,२०० रुपये होते. त्याला चार वर्षे दरमहा सव्वादोन हजार रुपये खिशातून घालावे लागतात. गाडी तीच आणि विजेचा दरही तोच, पण एका घरात तिच्यामुळे पैसा येतो आणि दुसऱ्या घरातून जातो.

व्याजाचा दरही महत्त्वाचा आहे. जुन्या विजेवरील गाड्यांना पुनर्विक्रीत काय भाव येईल याचा अंदाज नसल्याने वित्तसंस्था अशा कर्जावर अनेकदा अधिक व्याज आकारतात. पेट्रोलच्या गाडीला १२ टक्के आणि विजेवरील गाडीला १४ टक्के व्याज पडले, तर हप्त्यातील फरक ८,०७० रुपयांवर जातो आणि ५७ किलोमीटरची किमान मर्यादा ६२ वर सरकते.

म्हणजे खालची मर्यादा सुमारे ६० किलोमीटर आणि वरची मर्यादा, एका चार्जिंगवर, ८८ किलोमीटर. किफायतशीर वापर या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. फेऱ्या त्याहून कमी असतील तर हप्ता वसूल होत नाही आणि जास्त असतील तर बॅटरी पुरत नाही.

चार्जिंग कोठे होते

वरचा सारा हिशेब गाडी घरी किंवा गोदामात चार्ज होते, या गृहीतावर उभा आहे. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर इतकी बॅटरी पाच-सहा तासांत भरते, म्हणजे रात्र पुरेशी आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या किंवा कार्यालयाच्या असलेल्या वीजजोडणीवर वाहन चार्ज करता येते. मात्र महिन्याला दोन हजार किलोमीटर चालणारी गाडी सुमारे ३०० युनिट वीज घेते. ही भर घरगुती वापरात पडल्यास बिल वरच्या टप्प्यात जाऊन प्रत्येक युनिट महाग पडू शकते. म्हणून घरगुती जोडणी आणि वाहनासाठीची स्वतंत्र जोडणी यांच्या दरांची तुलना आधीच करावी लागते.

ज्याच्याकडे रात्री गाडी लावण्यास स्वतःची जागा नाही, त्याची स्थिती वेगळी आहे. सार्वजनिक केंद्रावर करासह युनिटला २० रुपये मोजावे लागले, तर किलोमीटरचा खर्च ३ रुपये होतो आणि एकूण बचत ५ रुपये २० पैशांवरून ३ रुपये ४० पैशांवर येते. १२ टक्के व्याजाचाच हप्ता धरला, तरी वाढीव रक्कम भरून काढण्यासाठी मग दिवसाला ८७ किलोमीटर चालावे लागते. निर्धास्त पल्ला ८८ असताना किफायतीचा पट्टा जवळजवळ नाहीसाच होतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि रस्त्यावर गाडी उभी करणाऱ्या चालकाला ही गाडी परवडत नाही, याचे कारण हेच आहे.

सप्टेंबर २०२४ मधील केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत चार्जिंग केंद्रांना सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि अन्य वेळी १.३ पट दराने वीज द्यावी, असे म्हटले आहे. राज्यांनी हे अंगीकारल्यास दुपारच्या विश्रांतीत चार्जिंग करणे रात्रीपेक्षा स्वस्त होऊ शकते. भाजीपाला आणि दुधाची ने-आण पहाटेच उरकणाऱ्या गाड्यांना त्याचा लाभ घेता येईल.

सवलती कोणत्या

ऑक्टोबर २०१८ पासून विजेवरील व्यावसायिक वाहनांना परवान्याच्या अटीतून सूट आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्क माफ झाले. जून २०२२ पासून त्रयस्थ पक्ष विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सवलत लागू झाली. छत्तीसगड सरकारने २०२२ मध्ये आपले विद्युत वाहन धोरण जाहीर करून खरेदीवर अनुदानाची तरतूद केली.

केंद्राच्या अनुदानाबाबत मात्र छोटी चारचाकी मालवाहू गाडी अडचणीच्या जागी सापडली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेची रचना दुचाकी, तीनचाकी, बस, रुग्णवाहिका आणि साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाचे ट्रक यांच्यासाठी झाली. छोटा हत्ती यांपैकी कशातही बसत नाही. राज्याचे अनुदानही खरेदीनंतर मिळणारी रक्कम असल्याने पहिल्या वर्षाच्या हप्त्यांचा हिशेब त्यावर अवलंबून न ठेवणे शहाणपणाचे ठरते.

पर्यावरणाचा लाभ

छत्तीसगडची वीज मुख्यतः कोळशापासून तयार होते. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने विजेवरील गाडीमागे किलोमीटरला ०.१ किलोपेक्षा थोडा अधिक, तर पेट्रोलच्या गाडीमागे सुमारे ०.१४ किलो वायू बाहेर पडतो. वाहिन्यांतील गळती धरल्यास हा फरक आणखी आक्रसतो. सौर विजेचा वाटा वाढेल तसा तो रुंदावत जाईल. बाजारपेठेतील धूर आणि आवाज मात्र पहिल्याच दिवसापासून थांबतो. भिलाईसारख्या औद्योगिक पट्ट्यात ही बाब लहान नाही.

अहिवाऱ्यातून पाहता

ब्रिटनमध्ये विसाव्या शतकात अनेक दशके घरोघरी दूध पोहोचविणाऱ्या गाड्या विजेवर चालत असत. त्यांच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या जड होत्या आणि वेग बेताचा होता. तरीही त्या टिकल्या. रोजची फेरी ठरलेली, थांबे जवळजवळ आणि रात्री मुक्काम डेअरीतच, असे त्यांचे काम होते. बॅटरी आज कितीतरी सुधारली आहे, पण कामाची ही अट बदललेली नाही.

अहिवाऱ्यातून माल घेऊन भिलाईच्या बाजारात जाणे, तेथे दहा-पंधरा ठिकाणी थांबून परत येणे ही फेरी साठ-सत्तर किलोमीटरची होते. ती किफायतीच्या पट्ट्यात बरोबर बसते आणि बॅटरी जुनी झाल्यावरही बहुधा पुरेल. केवळ गाव आणि आसपासच्या वस्त्यांत फिरणाऱ्या, दिवसाला तीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीला पेट्रोल किंवा विजेवरील तीनचाकी अधिक सोयीची ठरेल. रोज रायपूरला जाऊन शहरात माल वाटणाऱ्याला परतीच्या वाटेवर बॅटरीच्या काट्याकडे पाहत यावे लागेल. त्याने दुपारच्या चार्जिंगची खात्रीची आणि स्वस्त सोय असल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये.

यासाठी कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही. आहे त्या गाडीचे मीटर महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहून ठेवले, सर्वांत लांबचा दिवस आणि सरासरी दिवस असे दोन आकडे काढले आणि रात्री सॉकेट कोठे मिळेल हे ठरविले, की निम्मा निर्णय झालेला असतो. उरलेला निम्मा बँकेच्या व्याजदरावर आणि वीजबिलाच्या दरपत्रकावर अवलंबून आहे. जाहिरातीतील पल्ल्याचा आकडा या वहीत सर्वांत शेवटी लिहिला तरी चालेल.